विचार की कृती, माझी ओळख कशावरून ठरते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर लिहिता-बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, ते इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एकाची गाठ दुसऱ्याशी पडते तिथे क्रमांक दिला आहे.

१. विचार की कृती? एका वाक्यात सांगा, फाटे फोडू नका.

जे तुमच्याकडे नुसतं आलं किंवा तुमच्या हातून नुसतं घडलं त्यावरून तुमची ओळख कमी पटते. जे तुम्ही धरलंत, केलंत आणि पुन्हा केलंत त्यावरून जास्त पटते, मग ते मनातलं असो की हातातलं.

आता एक फाटा फोडतोच, कारण तो मराठीने आधीच फोडून ठेवला आहे. 'मला शंका आली' आणि 'मी शंका घेतली' ही दोन वाक्यं बघा. 'कंटाळा आला' आणि 'कंटाळा केला'. 'आठवण आली' आणि 'आठवण काढली'. 'राग आला' आणि 'राग धरला'. पहिल्या वाक्यात आपण फक्त एक ठिकाण असतो, काहीतरी तिथे येऊन थडकतं. दुसऱ्यात आपण कर्ते असतो. कृतीचंही तेच: 'हातून पेला फुटला' म्हणणारा आणि 'पेला फोडला' म्हणणारा एकच गोष्ट सांगत नसतात. विचार एकीकडे, कृती दुसरीकडे अशी रेघ मारण्यापेक्षा 'आलं-घडलं' एकीकडे आणि 'धरलं-केलं' दुसरीकडे ही रेघ मला जास्त कामाची वाटते. खालची बहुतेक उत्तरं तिच्याच आधाराने दिली आहेत.

२. 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' हे तर प्रसिद्ध आहे. मग विचार म्हणजेच मी, नाही का?

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६३७ साली हे लिहिलं तेव्हा त्याच्यापुढचा प्रश्न वेगळा होता. सगळ्यावर संशय घेतला तरी संशय घेणारा कुणीतरी उरतोच, एवढंच त्याला दाखवायचं होतं. 'मी आहे' हे त्यातून निघतं. 'मी कसा आहे' हे निघत नाही, आणि तुमचा प्रश्न तोच आहे.

३. माझ्या मनात भयंकर विचार येतात. जवळच्या माणसाला ढकलून द्यावं, काहीतरी अभद्र बोलावं, असे. मी आतून तसाच आहे का?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. बहुतेक जण तो विचारताना आधी दोनदा माफी मागतात.

असे विचार जवळजवळ सगळ्यांना येतात. १९७८ साली रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी कुठलाही मानसिक आजार नसलेल्या लोकांना याबद्दल विचारलं, तेव्हा सुमारे ८० टक्के लोकांनी असे नको असलेले विचार येतात असं सांगितलं. २०१४ साली १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या जवळपास ९४ टक्के जणांना मागच्या तीन महिन्यांत असा एक तरी विचार येऊन गेला होता. रुग्णांना येणारे आणि निरोगी माणसांना येणारे विचार आशयाने फारसे वेगळे नसतात. फरक पडतो तो त्या विचाराचा अर्थ लावण्यात. एक जण 'काय वेडगळ डोक्यात आलं' म्हणून पुढे जातो. दुसरा 'हे माझ्या मनात आलंच कसं' म्हणून तिथेच अडकतो. विचार येणं म्हणजे ते करण्यासारखंच पाप, अशी ही समजूत असते. मंत्रचळाच्या, म्हणजे ओसीडीच्या उपचारांत तिच्यावर मुद्दाम काम केलं जातं.

असा विचार दाबायला गेलात तर तो वाढतो. १९८७ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नरने लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. नंतर मोकळीक दिल्यावर तर, आधी दाबून ठेवणाऱ्यांच्या मनात ते अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं.

विचाराची किळस येते, भीती वाटते, याचा अर्थ तो तुमच्या बाकीच्या मनाशी जुळत नाही. त्यामुळे दिवसाचे तास जात असतील, कामं अडत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. त्यांनी हे शेकडो वेळा ऐकलेलं असतं. पण विचार हवासा वाटत असेल, त्याची वेळ, जागा, साधन मनात ठरत चाललं असेल, मग ते दुसऱ्याबद्दल असो की स्वतःच्या जिवाबद्दल, तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही. तेव्हा आजच कुणाशी तरी बोलायला हवं.

४. पण आलेला विचार आणि केलेला विचार यांतला फरक ओळखायचा कसा? मनात तर दोन्ही सारखेच दिसतात.

पहिल्या क्षणी दिसतातच. मी तीन गोष्टी बघतो. तो विचार परत आला की मी त्याला परत बोलावला? त्यात मी भर घालतो आहे का, म्हणजे संवाद रचणं, पुरावे गोळा करणं, समोरच्याला मनातल्या मनात चार वेळा हरवणं? आणि तो गेला तर मला हायसं वाटेल की काहीतरी गमावल्यासारखं होईल?

तिसरी खूण सगळ्यांत बोलकी. जुना अपमान आठवून चिडणारा माणूस म्हणतो की तो विसरू शकत नाही. खरं तर त्या रागावाचून त्याला करमत नसतं. अशा माणसाने हाताने काहीच केलेलं नसतं, तरी वर्षानुवर्षं पोसलेला डूख हा त्याचाच आहे, त्याच्या स्वभावाचा भाग आहे. मनात केलेलंसुद्धा केलेलंच.

५. मनात मत्सर असतो आणि वरून मी चांगलं वागते. म्हणजे मी ढोंगी ना?

चांगलं वागून काय साधायचं आहे, यावर ते ठरेल.

मैत्रिणीचं यश पाहून पोटात दुखलं (म्हणजे दुखणं आलं), तरी तुम्ही तिचं मनापासून कौतुक करायचं ठरवलंत, तर तिथे ढोंग नाही. मत्सर तुमच्याकडे आला आणि कौतुक तुम्ही केलंत. मत्सर तसाच पोसत राहून, तिचा विश्वास मिळवून पुढे तिला अडकवण्यासाठी गोड बोललात, तर ते ढोंग. दोन्ही ठिकाणी आत एक आणि बाहेर एक आहे. पण पहिल्या ठिकाणी बाहेरचं वागणं आतल्याला सुधारू बघतं, दुसऱ्या ठिकाणी आतलं झाकू बघतं.

ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलने इथे दोन माणसं वेगळी केली होती. एक सज्जन, ज्याला चांगलं करताना आनंदच होतो. दुसरा संयमी, ज्याचं मन उलट ओढतं तरी तो योग्य तेच करतो. अ‍ॅरिस्टॉटल सज्जनाला वरचा मानतो. मला संयमी माणूस जास्त जवळचा वाटतो, कदाचित तो जास्त वेळा भेटतो म्हणून. तिसराही एक आहे: जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८५ साली उदाहरण म्हणून दिलेला दुकानदार. तो अननुभवी गिऱ्हाइकाला फसवत नाही, पण का, तर नाव राखण्यात फायदा आहे म्हणून. त्याची कृती निर्दोष. तरी फायदा संपला की प्रामाणिकपणा टिकेल याची हमी कुणी देत नाही. त्याच्या बाबतीत हेतू जाणून घ्यावासा वाटतो तो यासाठीच, कारण हेतू पुढच्या कृतीबद्दल काही सांगतो.

६. धर्म आणि संत तर मन शुद्ध करा म्हणतात. मग तुम्ही कृतीलाच का धरून बसता?

एकट्या कृतीला धरून बसलेलो नाही, प्रश्न ४ पाहा. आणि परंपराही एकसुरी नाही. बुद्ध चेतनेलाच, म्हणजे मनातल्या हेतूलाच, कर्म म्हणतो. मनाने योजलं तिथून कर्म सुरू. हात-पाय आवरून मनात विषय घोळवत बसणाऱ्याला गीतेच्या तिसऱ्या अध्यायात मिथ्याचारी म्हटलं आहे. तुकोबांनी मात्र पावलं वंदायची ठरवली ती 'बोले तैसा चाले' त्याची, नुसतं चांगलं बोलणाऱ्याची किंवा चिंतणाऱ्याची नव्हे. तिघांचंही लक्ष मन आणि हात यांच्या जोडावर आहे.

७. माझ्या मनात चांगलं करायचं असतं, पण हातून होत नाही. मी वाईट का?

वाईट असालच असं नाही. कदाचित घाईत असाल. हे थट्टेने म्हणत नाही.

१९७३ साली डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टन इथे धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. प्रत्येकाला एका इमारतीतून दुसरीत भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत पडलेला असे. काही जणांच्या भाषणाचा विषयच वाटेवरच्या जखमी परक्याला मदत करणाऱ्याची बायबलमधली गोष्ट हा होता. विषयाने म्हणावा असा फरक पडला नाही. ज्यांना पुरेसा वेळ आहे असं सांगितलं होतं त्यांतले ६३ टक्के मदतीला थांबले. उशीर झाला आहे असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. डोक्यात परोपकाराचं भाषण घेऊन माणसं पडलेल्या माणसाला ओलांडून गेली.

यावरून मी दोन गोष्टी घेतो. चांगला विचार असणं पुरत नाही. आणि केवळ इच्छाशक्तीला दोष देऊनही भागत नाही, परिस्थिती हलवावी लागते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनात एक साधा उपाय आहे: 'मदत करीन' असं मोघम ठरवण्याऐवजी 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं ठरवायचं. म्हणजे 'आईशी जास्त बोलेन' याऐवजी 'संध्याकाळी बूट काढले की आईला फोन लावीन'. अशा नेमक्या ठरावांनी गोष्टी प्रत्यक्षात होण्याचं प्रमाण वाढतं.

तरीही, दहा वर्षं तीच इच्छा आणि तेच न करणं चालू असेल, तर ती इच्छा आहे की स्वतःबद्दलचं आवडतं चित्र, हे तपासायला हवं.

८. माझा हेतू चांगला होता. लोक फक्त कृती का बघतात?

कारण त्यांना तुमचं मन दिसत नाही. तुम्हीही त्यांच्या बाबतीत हेच करता. मानसशास्त्रज्ञ एमिली प्रोनिन यांनी दाखवलं आहे की स्वतःला जोखताना आपण आत डोकावतो आणि हेतू मोजतो, दुसऱ्याला जोखताना बाहेरून वागणं मोजतो. आपण उशिरा पोचलो तर रस्त्यात गर्दी होती, दुसरा उशिरा आला तर त्याला किंमत नाही.

आतलं साक्षीपुराण फारसं भरवशाचंही नसतं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापियर एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरले. २५१ खानावळी, हॉटेलं वगैरे ठिकाणी गेले. नकार मिळाला तो एका जागी. पुढे त्यांनी त्याच ठिकाणांना पत्राने विचारलं, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जण नाही म्हणाले. (पत्राला उत्तर देणारा आणि दारात उभा असलेला माणूस एकच होता का, अशी शंका तेव्हापासून घेतली जाते, आणि ती रास्त आहे.) इथे माणसं बोलण्यापेक्षा वागण्यात बरी निघाली. उलटही पुष्कळदा होतं.

माफी मागताना मात्र हेतू शेवटी सांगा. 'माझ्याकडून तुमचं मन दुखावलं गेलं असेल तर' या वाक्यात कर्ता शोधून दाखवा. 'मी तुला दुखावलं' हे तीन शब्दांचं वाक्य आधी येऊ द्या.

९. कायदा काय बघतो, मन की कृती?

दोन्ही, ठरलेल्या क्रमाने. नुसत्या विचाराला शिक्षा नाही, हे तत्त्व रोमन कायदेपंडित उल्पियन याच्या नावावर आहे. कृती झाली की मग मन तपासतात: मुद्दाम केलं, बेपर्वाईने झालं की निव्वळ अपघात. मृत्यू तोच, पण त्यावरून खून ठरतो किंवा काहीच ठरत नाही. मधल्या पायऱ्याही आहेत. कट रचणं, गुन्ह्याचा प्रयत्न करणं हे गुन्हेच आहेत, कारण तिथे विचाराने पाऊल टाकलेलं असतं. कायद्याने हे सोयीसाठी केलं आहे, तुमचा स्वभाव ठरवण्यासाठी नाही. निर्दोष सुटलेला माणूस चांगला असतोच असं न्यायालयही म्हणत नाही.

१०. आयुष्यात एकदाच फार वाईट वागलो. तो एक प्रसंग म्हणजेच मी का?

एका प्रसंगातून तुम्ही काय करू शकता हे कळतं. तुम्ही सहसा काय करता, हे त्यातून कळत नाही.

मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रामने १९६१ पासून येल विद्यापीठात केलेले प्रयोग पुष्कळांना माहीत असतात. पडद्याआडच्या माणसाला विजेचे झटके द्यायला सांगितल्यावर (झटके खोटे होते, देणाऱ्याला ते खरे वाटत) एका मालिकेत ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या खटक्यापर्यंत गेले. घाम फुटला, हात थरथरले, तरी गेले. त्याच प्रयोगाचा दुसरा प्रकार फार कमी लोक सांगतात. त्यात शेजारी बसलेले दोघे मध्येच नकार देऊन उठत. तेव्हा शेवटपर्यंत गेले ते ४० पैकी फक्त चार. माणसं तशीच, शेजार बदलला.

म्हणून काय, सुटलो? नाही. खटका दाबला तो दाबला, त्याची जबाबदारी तुमची. पण त्या प्रसंगानंतर तुम्ही काय केलंत, तो लपवलात की भरपाई केलीत, पुन्हा तशी वेळ आल्यावर उठून गेलात का, याचीही नोंद तुमच्याच खात्यावर होते. ती पाहिल्याशिवाय मी उत्तर देणार नाही.

११. आधी मन बदलावं की आधी वागणं?

वागणं. हात जास्त लवकर ऐकतात.

न्याय्य कृती करत करत माणूस न्यायी होतो, जसं घर बांधत बांधत गवंडी होतो, हे अ‍ॅरिस्टॉटलचंच म्हणणं. प्रयोगही त्याच बाजूचे आहेत. १९५९ साली फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी लोकांकडून तासभर अतिशय रटाळ काम करून घेतलं आणि पुढच्या माणसाला 'काम मजेशीर आहे' असं खोटं सांगायला लावलं. त्यासाठी काहींना एक डॉलर दिला, काहींना २० डॉलर. नंतर विचारलं तर एक डॉलरवाल्यांना ते काम खरोखरच बरं वाटलं होतं. वीस डॉलर म्हणजे खोटं बोलायला सबब होती. एका डॉलरसाठी खोटं बोललो हे पचेना, तेव्हा मनाने आपलं मतच फिरवलं. धडा दुधारी आहे. चांगल्या वागण्यामागे मन येतं, तसं वाईट वागण्यामागेही येतं, आणि येताना कारणं घेऊन येतं.

१२. बोलणं कशात धरायचं? विचारात की कृतीत?

कृतीत. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने १९५५ च्या व्याख्यानांत हे मांडलं: 'वचन देतो' म्हटलं की वचन देऊन झालेलं असतं. टोमणा मारतात, शिवी देतात, कान भरतात. क्रियापदंच बघा. 'मी फक्त बोललो, केलं काही नाही' ही सबब म्हणून मला पटत नाही.

१३. काहीच केलं नाही तर? मी तटस्थ राहिले.

दिसत असताना, जमत असताना आणि आपल्यावर येत असताना गप्प राहणं हे 'केलं'मध्येच येतं. तीनपैकी एखादी अट नसेल तर हिशेब बदलतो. जगातल्या प्रत्येक दुःखासाठी तुम्ही काही केलं नाही, हा तुमचा दोष नाही.

१४. झोपेत, आजारात किंवा मेंदूला इजा झाल्यावर केलेल्या गोष्टींचं काय?

इथे कृती असूनही कर्ता सापडत नाही. कॅनडात १९८७ साली एका माणसाने झोपेत चालण्याच्या अवस्थेत २० किलोमीटरहून जास्त अंतर गाडी चालवली आणि आपल्या सासूला ठार केलं. ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं आणि १९९२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. ऐकताना पटत नाही, पण तर्क सरळ आहे: हे त्याच्या हातून घडलं, त्याने केलं नाही.

इजेचं उदाहरण म्हणून फिनिअस गेजचं नाव नेहमी येतं. १८४८ साली सुरुंगाच्या स्फोटात लोखंडी पहार त्याच्या डोक्यातून आरपार गेली. तो जगला, पण 'हा तो गेज नव्हे' असं ओळखीचे म्हणू लागले. त्याच्या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र सांगायचा राहून जातो. पुढे त्याने चिलीत कित्येक वर्षं घोड्यांच्या प्रवासी गाड्या हाकल्या. हे जबाबदारीचं, नियमित काम आहे. म्हणजे बदललेला माणूसही पुन्हा काही 'करू' लागला असावा.

दारूची सबब यात मोडत नाही. प्यायल्यावर काय होतं हे माहीत असताना पेला उचलला असेल, तर तो उचलला त्या क्षणी कर्ता हजर होता.

१५. ज्याला हालचालच करता येत नाही त्याची ओळख कशावरून?

हा प्रश्न मला सर्वांत अवघड गेला. मेंदूच्या बुंध्याला इजा झाल्यावर काही रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतात, पण संपूर्ण शरीर निश्चल असतं. बहुधा फक्त डोळे वर-खाली करता येतात आणि पापण्या मिटता येतात. कृतीलाच सर्वस्व मानलं तर हा माणूस जवळजवळ पुसला जातो, आणि ते उघडच चूक आहे. तो आतमध्ये राग धरतो किंवा सोडतो, कुणाची आठवण काढतो, धीर धरतो. प्रश्न १ मधली रेघ विचार आणि कृती यांच्यामधून मी काढली नाही, त्यामागे हेही एक कारण आहे. पापणीच्या हालचालीतून एकेक अक्षर सांगणाऱ्या रुग्णाची कृती कितीशी मोठी? आणि ती किती त्याची स्वतःची असते!

१६. मेंदू आपल्याआधीच निर्णय घेतो म्हणे. मग 'मी केलं' म्हणण्यात काय अर्थ?

हे बहुतेक मेंदूसंशोधक बेंजामिन लिबेटच्या १९८३ च्या प्रयोगावरून आलेलं असतं. मनगट हलवण्याची इच्छा जाणवण्याआधी जवळजवळ एक तृतीयांश सेकंद मेंदूत तयारीचा संकेत दिसला. पण तो संकेत म्हणजे निर्णय, हे सिद्ध झालेलं नाही. २०१२ साली शर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूतल्या नेहमीच्या चढ-उतारांची सरासरी काढली तरी तसाच संकेत दिसू शकतो. शिवाय मनगट कधी हलवावं आणि नोकरी सोडावी का, या दोन गोष्टी एका मापाच्या नाहीत. दुसरीत महिने जातात.

१७. वडील गेल्यावर त्यांची वही सापडली. आमच्याबद्दल फार कडू लिहिलं आहे. आयुष्यभर ते प्रेमाने वागले. खरे वडील कोणते?

अशा वेळी आत लपलेलं तेच खरं असं वाटतं. पण 'खरा मी' कुठला, हे आपण आपल्या मूल्यांप्रमाणे ठरवतो. न्यूमन, ब्लूम आणि नोब यांच्या २०१४ च्या अभ्यासात समलैंगिकता चूक मानणारा, पण पुरुषांचं आकर्षण वाटणारा एक माणूस वर्णन केला होता. त्यातलं आकर्षण खरं की मत खरं, हे वाचणाऱ्याच्या राजकीय विचारांप्रमाणे बदललं. लपलेलं म्हणून ते जास्त खरं, याला आधार नाही.

वही लिहिणं ही कृतीच आहे, ती मी खोडून टाकणार नाही. पण माणसं वही कधी उघडतात? बहुधा चिडल्यावर, झोप न आल्यावर. त्यांना राग आला होता. तो त्यांनी तुमच्यावर न काढता कागदावर काढला आणि वही मिटून ठेवली. एकच तक्रार वर्षानुवर्षं घोळवलेली असेल तर तो राग त्यांनी धरला होता, हेही मान्य करावं लागेल.

पानांवर तारखा असतील तर त्या बघा. दोन नोंदींमध्ये किती दिवस कोरे आहेत, ते मोजा. त्या दिवसांत ते काय करत होते, हे वहीला माहीत नाही. तुम्हाला आहे.